साठ हजारांची पाकिटं आणि दोनशे अभ्यास

*ताई, नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत एका लॅबने रविवारी सकाळी स्वस्तातलं फुल बॉडी चेकअपचं शिबिर घेतलं. जवळजवळ सगळ्यांचंच व्हिटॅमिन डी कमी निघालं. माझ्या सासऱ्यांचं (वय ७२) १७, माझं २३ आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलीचं १९. तेव्हापासून माझ्या धाकट्या दिरांनी घरात साठ हजार युनिटची पाकिटं आणून ठेवली आहेत. दर रविवारी सगळ्यांनी दुधातून घ्यायची. सव्वा वर्ष झालं. ते म्हणतात, याने सर्दी-फ्लू होत नाही, डायबेटिस टळतो, कॅन्सरसुद्धा टळतो. 'दोनशे अभ्यासांनी सिद्ध झालंय' असा एक मेसेज ते सगळ्यांना पाठवतात. त्यांना स्वतःला वर्षभरात सर्दी झालेली नाही, हेही खरं. त्यांची साखर काठावर आहे, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.१; पण आता डी घेतोय म्हणून टेकडीवर जाणं बंद झालंय. सासऱ्यांना ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे, शिवाय कॅल्शियमचीही. मला शंका वाटते, पण वाद घालायला माझ्याकडे काही नाही. दीर मनाने चांगले आहेत, घरच्यांच्या काळजीपोटीच करतात. असल्या दाव्यात खरं किती, ते आपल्यासारख्याने ओळखायचं कसं? आणि मुलीला द्यायचं की नाही? – तुमची एक वाचक*

नमस्कार.

दोनशे अभ्यासांकडे येतेच, पण आधी सासऱ्यांचं बघू, कारण ते थांबवून ठेवण्यासारखं नाही.

आठवड्याला साठ हजार म्हणजे दिवसाला साडेआठ हजार युनिटच्या वर. देखरेखीशिवाय रोज घ्यायची वरची मर्यादा प्रौढांसाठी ४,००० युनिट धरतात. कमतरता भरून काढायला डॉक्टर आठवड्याला साठ हजार देतात, पण ते साधारण आठ आठवडे. मग डोस कमी करतात. सव्वा वर्ष कुणी सांगत नाही. व्हिटॅमिन डी चरबीत साठून राहतं, जास्तीचं क जीवनसत्त्वासारखं लघवीवाटे निघून जात नाही. ते फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, भूक मरणं, कधी गोंधळल्यासारखं होणं. बाहत्तराव्या वर्षी यातलं काहीही 'वयामुळे होतंय' म्हणून खपून जातं आणि मूत्रपिंडाला मात्र इजा होत राहते. सासरे वरून कॅल्शियमही घेतात.

आता त्यांच्या ब्लड प्रेशरच्या गोळीची पट्टी हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलेलं आहे का? बऱ्याच जोडगोळ्यांत ते असतं. ब्रँडच्या नावापुढे नुसतं 'एच'सारखं एखादं अक्षर असतं, म्हणून लक्षात येत नाही. ही औषधं शरीरात कॅल्शियम अडवून ठेवतात. तेव्हा पाकीट या रविवारपासून बंद, आणि सीरम कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि व्हिटॅमिन डी करून रिपोर्ट त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. ब्लड प्रेशरची गोळी मात्र आपल्या मनाने थांबवू नका. वर लिहिलेल्यापैकी काही होत असेल तर उद्याच जा. बहुधा सगळं ठीक निघेल, पण बघितल्याशिवाय ते कळत नाही.

आता शिबिराच्या रिपोर्टबद्दल. 'सोसायटीत सगळ्यांचंच कमी' हे ऐकून मला नवल वाटलं नाही. आपल्याकडे खरोखरच पुष्कळांचं कमी असतं. उन्हाचं शहर असून आपण दिवसभर आत बसतो, बाल्कनीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात डी तयार करणारे किरण नसतात आणि शाकाहारी जेवणात डी जवळजवळ नसतंच. पण तुमच्या २३ समोर लाल अक्षरात जे 'अपुरं' छापलंय, ते ३०ची (दर मिलिलिटर रक्तात ३० नॅनोग्रॅम) रेघ धरून. ही रेघ अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने, २०११ साली घालून दिली आणि जगभरच्या लॅबनी ती उचलली. त्याच सुमारास तिथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सांगितलं होतं की जवळपास सगळ्या माणसांच्या हाडांना २० पुरतं. २०२४ साली एंडोक्राइन सोसायटीने नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ३०चं लक्ष्य तिने स्वतःच सोडून दिलं. शिवाय धडधाकट प्रौढांची सरसकट डी तपासणी करू नये असंही सांगितलं. लॅबच्या छापील तक्त्यात ही बातमी पोचलेली नाही. म्हणजे सासऱ्यांचं १७ हे कमीच होतं आणि त्यांना हाडांसाठी डी द्यायला हवंच होतं. तुमचं २३ म्हणजे आजार नव्हता.

दिरांना वर्षभर सर्दी झाली नाही, हे मी खोटं म्हणत नाही. पण पाकीट न घेणाऱ्या तुमच्या शेजाऱ्यांपैकी किती जणांना झाली नाही, ते कुणी मोजलंय का? सप्लिमेंटचा कुठलाही दावा समोर आला की मी सगळ्यात आधी हेच विचारते: ज्यांनी घेतलं नाही त्यांचं काय झालं? हा आकडा नसेल तर पुढचं सगळं, अनुभव, फोटो, डॉक्टरांचा पांढरा कोट, बाजूला ठेवायला हरकत नाही.

दोनशे अभ्यासांत हा आकडा असतो का? पुष्कळदा असतो, पण फसवा. यातल्या बहुतेक अभ्यासांत लोकांच्या रक्तातलं डी मोजलेलं असतं आणि कुणाला कुठला आजार झाला ते पाहिलेलं असतं. ज्यांचं डी कमी, त्यांना आजार जास्त, असं जवळजवळ प्रत्येक आजाराबाबत दिसतं. पण तळजाई टेकडीवर रोज सकाळी तासभर फिरणारे आजोबा आणि गुडघ्यांमुळे सहा महिने घरातून बाहेर न पडलेले आजोबा शेजारी शेजारी उभे करा. पहिल्यांचं डी जास्त, दुसऱ्यांचं कमी. दुसऱ्यांना न्यूमोनिया होण्याची शक्यताही जास्त. पण ती कमी डीमुळे, की हालचाल बंद झाल्यामुळे, की ज्या दुखण्याने त्यांना घरी बसवलं त्यामुळे? रक्ताच्या रिपोर्टवरून ते सांगता येत नाही. वजन जास्त असेल तरी डी कमी दिसतं, आणि अंगात आजाराचा दाह असला की डी आपोआप खाली येतं. म्हणजे पुष्कळदा कमी डीमुळे आजार नव्हे, तर आजारामुळे कमी डी. असे दोनशे काय, दोन हजार अभ्यास जमवले तरी एकच चूक दोन हजार वेळा होते.

ही चूक किती महागात पडते ते बीटा कॅरोटीनने दाखवलंय. गाजरातलं हे द्रव्य ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी, असं अनेक अभ्यासांत दिसत होतं. म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला: बीटा कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी *जास्त*. ती गोळी देणारेही चांगल्याच मनाने देत होते.

म्हणून चाचणी लागते, आणि तीही चिठ्ठ्या टाकून. कुणाला खरी गोळी, कुणाला हुबेहूब दिसणारी पोकळ गोळी, हे नशिबावर सोडायचं. मग टेकडीवर जाणारे आणि न जाणारे दोन्ही गटांत सारखेच वाटले जातात. कोण काय घेतंय हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. मग काही वर्षं थांबून आजार मोजायचा. रक्तातला आकडा नव्हे, आजार. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'घेतल्यावर माझं डी १७ वरून ६० झालं' याला लोक पुरावा समजतात. डी घेतलं की डी वाढणारच. प्रश्न आजाराचा आहे.

व्हिटॅमिन डीच्या अशा चाचण्या झाल्या आहेत, मोठ्या आणि चांगल्या. या बाबतीत आपण नशीबवान आहोत; बाजारातल्या बहुतेक सप्लिमेंटच्या वाट्याला एवढं कुणी जात नाही.

कॅन्सरचं आधी, कारण ते सरळ आहे. अमेरिकेत व्हायटल नावाच्या चाचणीत पन्नाशी ओलांडलेल्या २५,८७१ जणांना पाचेक वर्षं रोज २,००० युनिट डी किंवा पोकळ गोळी दिली. डी घेणाऱ्यांत ७९३ जणांना कॅन्सर झाला, पोकळ गोळीवाल्यांत ८२४ जणांना. तेरा-तेरा हजारांच्या दोन गटांत ३१चा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. हृदयविकारातही फरक नव्हता आणि पुढे २०२२ मध्ये हाडं मोडण्याचे आकडे आले, तिथेही नाही. दिरांच्या बाजूचंही सांगते: याच चाचणीत संधिवातासारखे स्वप्रतिकारक (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे) आजार डी गटात १२३ जणांना झाले, दुसऱ्या गटात १५५ जणांना. ही गोष्ट मला खरोखर कुतूहलाची वाटते. पण कॅन्सर टळतो म्हणून पाकीट वाटायला तिचा आधार घेता येत नाही.

सर्दी-फ्लूची गोष्ट जास्त शिकवणारी आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबते. २०१७ साली २५ चाचण्या, सुमारे ११ हजार माणसं, असा एकत्र हिशेब ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. डी घेणाऱ्यांत श्वसनाच्या संसर्गाची शक्यता १२ टक्क्यांनी कमी. जगभर मथळे झळकले, आणि दिरांच्या मेसेजची मुळंही बहुधा इथेच असतील. आता हे १२ टक्के सुटे करून बघा. डी न घेणाऱ्या शंभरातल्या ४२ जणांना संसर्ग झाला, घेणाऱ्या शंभरातल्या ४० जणांना. शंभर जणांनी घ्यायचं आणि दोघांचा त्रास वाचायचा. दोघांचा वाचला तरी चांगलंच आहे, पण 'सर्दी होत नाही' आणि '४२ऐवजी ४०' यांत केवढं अंतर आहे! टक्के ऐकले की लगेच विचारायचं: शंभरातले किती, आणि आधी किती होते?

त्याच हिशेबात आणखी दोन गोष्टी होत्या, त्या मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही. खरा फायदा ज्यांचं डी १०च्याही खाली होतं अशांना दिसला. आणि तो दिसला रोजच्या किंवा आठवड्याच्या लहान डोसने. एका वेळी ३० हजार किंवा त्याहून मोठा डोस दिलेल्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. तुमच्या घरातलं पाकीट साठ हजारांचं आहे. दिरांना सगळ्यात अनुकूल असलेला पुरावासुद्धा त्यांच्या पाकिटाच्या बाजूने बोलत नाही.

पुढे आणखी चाचण्या आल्या, जास्त मोठ्या. २०२१ मध्ये ४३ चाचण्यांचा हिशेब झाला तेव्हा १२चे ८ टक्के झाले होते. २०२५ मध्ये ४६ चाचण्या, साठ हजारांवर माणसं; ६ टक्के उरले, आणि तेही योगायोगापासून वेगळं काढता येईना. अशा चाचण्यांच्या कागदांत मी बरीच वर्षं घालवली आहेत, त्यावरून सांगते: खरा परिणाम असेल तर माणसं वाढली की तो जास्त ठसठशीत दिसतो. माणसं वाढतात तसा जो विरत जातो, त्याच्यावर महिन्याचा खर्च बसवू नये.

इथे दीर म्हणतील, आणि ते रास्तही आहे, की या चाचण्या गोऱ्या, आधीच डी पुरेसं असलेल्या लोकांवरच्या. आपलं तर कमीच आहे. त्यांना मंगोलियाची चाचणी सांगा. उलानबाटर शहरातली ८,८५१ शाळकरी मुलं, त्यातल्या ९५ टक्क्यांहून जास्त मुलांचं डी २०च्या खाली. तीन वर्षं दर आठवड्याला १४,००० युनिट किंवा पोकळ गोळी. डी मुलांच्या रक्तात चांगलं वाढलं. पण ज्यासाठी चाचणी केली होती, तो क्षयाचा संसर्ग डी गटात ३.६ टक्के मुलांना झाला आणि दुसऱ्या गटात ३.३ टक्के. २०२० साली हे छापून आलं. कमतरता होती, ती भरून निघाली, तरी संसर्ग टळला नाही.

मोठ्या डोसचं आणखी एक, कारण सासरे घरात आहेत. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २,२५६ बायकांवर चाचणी झाली. हाडं मोडू नयेत म्हणून वर्षातून एकदाच पाच लाख युनिट. २०१० साली कळलं की डी घेणाऱ्या बायका पडल्या जास्त, आणि त्यांची हाडं मोडण्याचं प्रमाणही २६ टक्क्यांनी जास्त होतं. 'जीवनसत्त्वच आहे, नुकसान तर नाही ना' हे वाक्य घरात निघेल तेव्हा ही चाचणी आठवा.

डायबेटिसच्या बाबतीत मात्र दीर निम्मे बरोबर आहेत, आणि ते मोकळेपणाने कबूल करायला हवं. साखर काठावर असलेल्या २,४२३ अमेरिकनांना रोज ४,००० युनिट देऊन अडीच वर्षं पाहिलं. डी गटात २९३ जणांना डायबेटिस झाला, दुसऱ्या गटात ३२३ जणांना. एकट्या या चाचणीवरून खात्री देता येत नव्हती. पण २०२३ मध्ये अशा तीन चाचण्या एकत्र केल्यावर शक्यता १५ टक्क्यांनी कमी दिसली. तीन वर्षांत शंभरातले साधारण तिघे वाचतात. म्हणूनच २०२४च्या त्या मार्गदर्शक सूचनांत काठावरच्या साखरेच्या लोकांसाठी डीला जागा आहे. दिरांचं एचबीएवनसी ६.१ आहे, म्हणजे घरात डीचा विचार खरोखर करावा असं कुणी असेल तर ते स्वतःच. फक्त रविवारच्या पाकिटातून नव्हे, डॉक्टरांना विचारून रोजच्या लहान डोसमधून.

आणि टेकडी सोडून तर अजिबात नाही. चेन्नईत अशाच काठावरच्या ५३१ भारतीयांवर चाचणी झाली, २००६ साली निकाल आला. नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटातल्या शंभरातल्या ५५ जणांना तीन वर्षांत डायबेटिस झाला. चालणं आणि आहार मनावर घेऊन करवून घेतलेल्या गटात ३९ जणांना. शंभरातले सोळा! डीचे तीन आणि चालण्याचे सोळा. या गोळ्यांचा मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर याचा: ती घेतल्यावर काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि ज्याचा खरा उपयोग होता ते हळूच सुटतं.

वादाला काही नाही म्हणता, पण तुम्ही वाद घालूच नका. दिरांपुढे दोनशे अभ्यास खोडत बसलात तर ते दोनशे एकावा आणतील. त्यांना हे तीन-सोळाचं सांगा, आणि 'भाऊजी, सकाळी मीपण येते' म्हणून वेताळ टेकडीला सोबत निघा. सासऱ्यांच्या कॅल्शियमच्या रिपोर्टला त्यांनाच घेऊन जा. काळजी त्यांची आहे, तर तपासणीही त्यांच्याच हाताने होऊ दे. पावसाळ्यातल्या फ्लूची धास्ती असेल तर डॉक्टरांना सासऱ्यांसाठी फ्लूच्या आणि न्यूमोकोकसच्या (न्यूमोनियाच्या एका जंतूवरच्या) लसीबद्दल विचारायला सांगा.

पुढच्या वेळी ग्रुपवर डीच्या जागी दुसरं काही येईल, एखादं 'क्लिनिकली प्रूव्हन' इम्युनिटी चूर्ण किंवा कॅप्सूल. तेव्हा डब्यावरचा एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी नंबर पाहून हुरळू नका. तो कंपनीला खाद्यपदार्थाचा धंदा करायचा परवाना आहे, गुण आल्याचा दाखला नव्हे. चाचणी भारतात झाली म्हणत असतील तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत ती शोधा. संकेतस्थळ फुकट आहे, आणि जून २००९ पासून औषध-चाचण्यांची नोंद आधी करणं सक्तीचं आहे. तिथे 'प्रायमरी आउटकम'च्या रकान्यात ते काय मोजणार होते ते लिहिलेलं असतं. मोजायचा होता आजार आणि जाहिरातीत आहे रक्तातला भलताच आकडा, असं दिसलं की पान बंद करा.

आता मुलगी. वाढत्या वयात हाडांसाठी डी हवंच, आणि त्या २०२४च्या सूचनाही १ ते १८ वयाच्या मुलांना पूरक डी द्यायला अनुकूल आहेत: मुडदूस टाळण्यासाठी, आणि श्वसनाचे संसर्ग कदाचित कमी व्हावेत म्हणून. तिचं १९ हे चिंता करण्याजोगं नाही, पण सोडून देण्याजोगंही नाही. तिला रोज ६०० युनिटच्या आसपास पुरतं. दुधाच्या पिशवीवर निळं '+एफ'चं चिन्ह असेल तर त्यात ए आणि डी घातलेलं असतं. थोडं तिथून मिळेल, थोडं शाळेतल्या मधल्या सुट्टीच्या उन्हातून, आणि उरलेलं थेंबांतून किंवा गोळीतून किती द्यायचं ते बालरोगतज्ज्ञांना विचारा. तिनेही सव्वा वर्ष साठ हजार घेतलं आहे, हे त्यांना आधी सांगा. तिचंही कॅल्शियम ते एकदा बघतील.